सज्जातली गोष्ट

गुरुवार, १६ जानेवारी २०२५

शनिवारची सहल ठरली एकदाची. आमच्या कोथरूडच्या ज्येष्ठ महिला मंडळाच्या चाळीस बायका, एक बस, आणि सातारा रस्त्याने आत वळून टेकडीवरचा इंदुविलास राजवाडा. सकाळी निघून संध्याकाळी परत. अध्यक्षा प्रेमलाताईंना यंदा काहीतरी 'रोमँटिक' हवं होतं. मागच्या वर्षी मी लेण्यांना नेलं, तर पायऱ्यांच्या नावाने अजून बोटं मोडतायत.

मी आपलं वाचून ठेवलंय. एकोणतीस वर्षं इतिहास शिकवला, निवृत्त झाले म्हणून काही कोरी जाणार नाही. हा राजवाडा प्रेमाबिमासाठी बांधलेला नाही. खाली गावात प्लेग आला म्हणून राजेसाहेब बिऱ्हाड घेऊन वर पळाले, इतका साधा मामला आहे. नोकरीत असताना एकदा नववीच्या मुलींना घेऊन गेलेही होते तिथे. गाडी बिघडली होती आणि घरी यायला फार उशीर झाला होता, एवढंच आठवतं.

ह्यांना विचारलं, शनिवारी पिठलं करून ठेवू का. म्हणाले, "ठेव. आणि तिथल्या माणसांना जरा सुखाने जगू दे." मी काय कुणाला खाते की काय, म्हटलं. त्यांनी पेपर वर केला.

शनिवार, १८ जानेवारी

पाय गेलेत कामातून, पण लिहितेच. आजचा दिवस माझा होता.

राजवाडा देखणा आहे, नाही कशाला म्हणू. पांढऱ्या कमानी, रंगीत काचा, खाली सगळं खोरं पसरलेलं. जागोजागी लग्न ठरलेली जोडपी फोटो काढून घेत होती. एक मुलगी घागरा सावरत तोच जिना दहा वेळा उतरली आणि दर वेळी तेवढीच लाजली.

ट्रस्टने तिथे एक मार्गदर्शिका ठेवली आहे. दीक्षा नाव. असेल चौतीस-पस्तीसची. नऊवारी, मोठी नथ, कपाळावर चंद्रकोर. ट्रस्टचा गणवेशच आहे म्हणे तो. आम्ही बसमधून उतरलो तशी पुढे आली आणि वाकून माझ्या पाया पडली. चाळिसांत फक्त माझ्या. मंडळातली माझी मैत्रीण पूर्णिमा म्हणाली, सगळ्यांत म्हातारी तूच दिसतेस, दुसरं काय. बाकीच्या सगळ्या तिच्या काकू, मी मात्र बाई. मास्तरकी तोंडावर छापलेलीच असणार माझ्या.

पहिल्या मजल्यावर एक सज्जा आहे, तिथे तिने आम्हाला जमिनीवर बसवलं आणि गोष्ट सुरू केली. राजाचं मन खालच्या गावातल्या माळ्याच्या मुलीवर बसलं. ती म्हणाली, राणी होईन, पण रोज संध्याकाळी मला माहेरच्या चुलीचा धूर दिसला पाहिजे. म्हणून राजाने टेकडीवर वाडा बांधला आणि हा सज्जा तिच्या घराच्या दिशेने काढला. आई रोज मुद्दाम ओलं जळण घालायची, धूर दाट निघावा म्हणून. तो दिसला की मगच राणी पानावर बसायची. आणि एके दिवशी संध्याकाळ झाली, पण धूर काही येईना...

बायका डोळ्यांना पदर लावून बसलेल्या. ती सांगत होती सगळ्यांना, पण बघत होती सारखी माझ्याकडे. कविता पाठ झालेली मुलगी म्हणून दाखवताना बघते ना, तशी. मला काही राहवेना. मी हात वर करून विचारलं, राणीचं माहेर कुठलं म्हणालात? ती म्हणाली, खालच्याच गावातलं, बाई.

"राणीसाहेब माळव्यातल्या," मी म्हटलं. "तिथल्या चुलीचा धूर इथून दिसायचा म्हणजे राणी होती की घार?"

काय हशा पिकला! प्रेमलाताईंना ठसका लागला. दीक्षा तोंड उघडून माझ्याकडे बघत राहिली, मग मिटलं तिने. म्हणाली, "बरोबर आहे, बाई. माझं चुकलं."

मग प्लेग, दिवाणांचा अहवाल, बांधकामाचं साल, सगळं मीच सांगितलं. वीस मिनिटं. टाळ्या पडल्या. त्यानंतर दीक्षा फक्त खोल्यांची नावं सांगत पुढे चालली. निघताना अभिप्रायाच्या वहीत लिहिलं: 'आपली मार्गदर्शिका गोड आहे, तिचा इतिहास त्याहून गोड आहे. दोन्हींत साखर कमी करावी. तिकीट इतिहासाचे घेता, कीर्तनाचे नव्हे.' खाली सही, निवृत्त इतिहास शिक्षिका, पुणे. पूर्णिमाने पानाचा फोटो काढला आणि बस कात्रजला यायच्या आत तो सगळ्यांच्या फोनवर होता.

बस वळेपर्यंत ती पोरगी पायऱ्यांवर उभी होती. हातही हलवला तिने. कमाल आहे, मला वाटलं होतं फुगून बसेल.

रविवार, १९ जानेवारी

ह्यांना कालचं सगळं रंगवून सांगितलं. घारीला हसले. मग म्हणाले, त्या मुलीचं काय झालं मग? काय व्हायचंय, म्हटलं, शहाणी होईल.

बुधवार, २२ जानेवारी

इंदुविलासच्या व्यवस्थापकांचा फोन आला. पृथ्वीराज नावाचे कोणी तरुण गृहस्थ आहेत, बोलणं अदबशीर. म्हणाले, आपला अभिप्राय विश्वस्तांच्या बैठकीत वाचून दाखवला. ती बाई सहा महिन्यांच्या बोलीवर होती, एक तारखेला कायम करणार होतो, आता येऊ नको म्हणून सांगितलं आहे. आपल्यासारख्या जाणकारांमुळेच दर्जा टिकतो.

आभारी आहे, म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, तर टाळ्यांचा पाऊस. मी काही तिला काढा असं लिहिलं नव्हतं. मी साखर कमी करा असं लिहिलं होतं. आणि चुकीचं सांगणाऱ्याला चुकीचं म्हणायचं नाही, तर मग शाळा कशाला काढल्या?

जेवण गेलं नाही. पित्त असेल.

शनिवार, २५ जानेवारी

पूर्वाचा फोन. माझी विद्यार्थिनी, आता खराडीला कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या जागेवर आहे. तो वहीचा फोटो फिरत फिरत तिच्या वर्गाच्या ग्रुपवर पोचला म्हणे. हसू आवरत नव्हतं तिला. म्हणाली, "बाई, तुम्ही कमाल करता. ती धुराची गोष्ट तुमचीच ना? तुम्हीच सांगितली होती आम्हाला, तिथेच बसून."

मी म्हटलं, काहीतरी बोलू नकोस, असल्या भाकडकथा मी वर्गात कधी शिकवल्या नाहीत. ती म्हणाली, वर्गात नाही हो, सहलीत. आणि ती गाईड म्हणजे आपली दीक्षा, चौथ्या बाकावरची, केस तेलाने चप्प बसवून यायची ती. तुम्ही ओळखलं नाहीत तिला? ती आम्हाला डिसेंबरात अभिमानाने सांगत होती, की मी बाईंची गोष्ट रोज सांगते.

मला काम आहे म्हणून फोन ठेवला. काम कसलंही नव्हतं.

रविवार, २६ जानेवारी

सकाळी माळ्यावरून जुन्या दैनंदिन्या काढल्या. २००४ची सापडली. डिसेंबरात एक पान: 'नववी ब, इंदुविलास. गाडीचा पट्टा तुटला, दोन तास खोळंबा. मुलींना काहीबाही सांगून बसवून ठेवलं. कंबर मोडली.'

काहीबाही.

मग सगळं आठवलं. शेहेचाळीस मुली. अर्ध्या सज्जाच्या कठड्यावरून वाकून खालच्या मुलांकडे बघत होत्या, अर्ध्या गाणी म्हणत होत्या, बरोबरच्या बाई उलट्या करून बसमध्ये आडव्या. मला प्लेग सांगून भागणार नव्हतं. खाली गावात कुठेतरी धूर निघत होता, तो बघून मी सुरुवात केली आणि सुचेल तसं रचत गेले. माळ्याची मुलगी, ओलं जळण, सगळं माझं. शेवट काय केला होता ते मात्र आता काही केल्या आठवत नाही. मुली चिडीचूप बसल्या होत्या. मला स्वतःचा अभिमान वाटला होता, हेही आठवलं. आणि ही गोष्ट आहे, इतिहास नाही, असं एका शब्दाने सांगितलं नव्हतं. बाई सांगतायत म्हणजे खरंच असणार, हे मीच तर त्यांना शिकवलेलं.

'लाज वाटत नाही?' हा प्रश्न मी एकोणतीस वर्षांत हजार पोरींना विचारला असेल. वाटते. अंगभर वाटते. तिने ओळखलं होतं मला. दारातच ओळखलं होतं. माझाच धडा तिने मला म्हणून दाखवला आणि मी चाळीस बायकांदेखत तिचं हसं केलं. आणि तिने काय म्हणावं? माझं चुकलं, बाई.

सोमवार, २७ जानेवारी

पृथ्वीराजांना फोन केला. त्या मुलीला परत घ्या म्हटलं. का, म्हणाले. सांगायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते हे, की गरीब आहे हो, लहान चूक आहे. खरं बोलायला जीभच वळली नाही. ते म्हणाले, आपलं मन किती मोठं आहे, बघतो.

फोन ठेवल्यावर आरशात तोंड बघवेना. ह्यांना सांगितलं सगळं. एरवी काहीतरी टोमणा मारतात. आज उठले, चहा करून आणला, आणि एवढंच म्हणाले, की जा तिला भेटून ये.

बुधवार, २९ जानेवारी

स्वारगेटहून एसटी, मग टेकडीखालच्या गावापर्यंत जीप. पत्ता पूर्वाकडून घेतला होता, घर पटकन सापडलं. दीक्षा ओसरीत शेंगा फोडत बसली होती. नथ नाही, चंद्रकोर नाही. साध्या साडीत ती मला क्षणात ओळखू आली. चौथ्या बाकावरची. नऊवारीमुळे ओळखली नाही, असं मी चार दिवस मनाला समजावत होते. खरं म्हणजे त्या दिवशी मी तिच्या तोंडाकडे बघितलंच नव्हतं.

मला बघून उठली आणि पुन्हा पाया पडली. आतून सासूने विचारलं, कोण आलंय. तर काय अभिमानाने सांगते, माझ्या शाळेतल्या बाई. सासूने हात पुसत येऊन मला जाजमावर बसवलं, चहा टाकला, वर बिस्किटांचा पुडा फोडला. मग सुनेचं गाऱ्हाणं. कुणी पुण्याची बया आली, काय तरी लिवून गेली, आन माझ्या सुनेच्या पोटावर पाय दिला. "तुमच्यासारखी मानसं हायेत म्हनून बरं," असं मला म्हणाली. मी तिचा चहा पीत होते. कप ठेवून सांगायला हवं होतं, की ती बया मीच. दीक्षा खाली मान घालून शेंगा फोडत होती. घरी नाव सांगितलेलंच नव्हतं तिने. मी बिस्किटही खाल्लं.

फाट्यापर्यंत ती सोडायला आली. तिथे एकदाचं विचारलं, त्या दिवशी बोलली का नाहीस? ही गोष्ट तुमचीच, बाई, असं का नाही म्हणालीस?

"चाळीस जणींसमोर तुम्हाला खोटं कसं पाडू, बाई?" ती म्हणाली.

मग आपणहून बोलत राहिली. लग्नाची तीन स्थळं आली होती. या गावाचं नाव ऐकलं आणि हिने हो म्हटलं, कारण हे त्या गोष्टीतलं गाव. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच संध्याकाळी नवऱ्याला घेऊन टेकडीवर गेली, धूर बघायला. हसत सांगत होती. मी विचारलं, सुखात आहेस ना? "चांगलं चाललंय की. गाव मी निवडलं, त्याचा दोष तुम्हाला नाही," म्हणाली. मग म्हणाली, "कामाचं तेवढं वाईट वाटलं. सज्जात उभं राहून बोलायला लागले, की लोक ऐकायचे हो माझं."

गोष्टीत पुढे काय होतं, ते तिला विचारावंसं वाटलं. विचारायचं तोंड नव्हतं. क्षमा मागितली, पण तीही कशी, जीप आल्यावर, एक पाय पायरीवर ठेवून. ऐकू गेली की नाही देव जाणे.

शनिवार, १ फेब्रुवारी

विश्वस्तांना दोन पानी पत्र लिहिलं. गोष्ट मी रचली, कधी, कशी, का, सगळं. जुन्या दैनंदिनीच्या पानाचा फोटोही जोडला. स्पीड पोस्टाने पाठवलं.

संध्याकाळी मंडळाच्या बैठकीत तेच पत्र उभी राहून मोठ्याने वाचलं. मला वाटलं होतं, आता तोंडं वाकडी होतील, कुजबुज होईल. व्हायला हवी होती. वाचून झालं आणि टाळ्या! प्रेमलाताई म्हणाल्या, याला म्हणतात मोठेपणा. पूर्णिमा म्हणाली, अगं पण घार मात्र भारी होती हं. पुन्हा हशा. एकीनेही विचारलं नाही, की ती मुलगी आता काय करते.

आतल्या खोलीत जाऊन रडले. टाळ्यांचा असला राग आयुष्यात आला नव्हता.

सोमवार, १० फेब्रुवारी

परत घेतलं तिला! पृथ्वीराजांचा फोन होता. पुढच्या सोमवारपासून कामावर, आणि कायम. फक्त अट अशी, की यापुढे छापील माहितीच सांगायची, पदरचं काही नाही. ती माहिती आपणच तपासून द्यावी अशी विश्वस्तांची विनंती आहे म्हणाले. आठ पानं ईमेलने आली, ती छापून आणली. संध्याकाळी बसून सगळी तपासून पाठवली. दोन सालं चुकीची होती, एक नाव. 'असे सांगतात की' हे चार ठिकाणी होतं, ते काढलं.

ह्यांनी कागदावर नजर टाकली आणि म्हणाले, लाल पेनाने? हातात तेच आलं, म्हटलं.

रविवार, २३ फेब्रुवारी

आज एकटी गेले इंदुविलासला. तिकीट काढलं, तीस-चाळीस जणांच्या घोळक्यात मागे उभी राहिले. दीक्षाने मला बघितलं, हसली. नऊवारी, नथ, सगळं होतं. हातात ते कागद, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेले.

सांगितलं तिने उत्तम. एक साल चुकलं नाही. प्लेगची साथ, बांधकामाचा खर्च, दगड कुठून आणला, काचा कुठून आल्या. मधूनमधून कागदाकडे बघायची. सज्जात येईपर्यंत निम्मे लोक फोनमध्ये डोकं घालून होते, एक जोडपं फोटो काढायला सटकलं, एका आजोबांनी जांभई दिली. सज्जाची लांबी-रुंदी सांगून झाली. मीच तपासून दिलेलं ते. शाळेत असताना मीसुद्धा ऐकलं नसतं.

तेवढ्यात सहा-सात वर्षांची एक मुलगी, कठड्याच्या जाळीला नाक लावून उभी होती, तिने विचारलं, "राणी इथे बसून काय बघायची?"

दीक्षा थांबली. कागद उलटला, त्यात नव्हतंच ते. मग तिने मान वर करून सगळ्या लोकांवरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "बाई, सांगू?"

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. दोन लेकरांची आई आहे ती. स्वतःच्या कामाच्या जागी, स्वतःच्या गावात उभी आहे, आणि तोंड उघडायच्या आधी मला विचारते. हे मी केलं तिचं. शाळेत पोरी अशा विचारायच्या तेव्हा मला तो मान वाटायचा. मला तिला म्हणायचं होतं, की तुला हवं ते सांग, गोष्ट तुझी आहे, तू माझ्यापेक्षा चांगली सांगतेस. एवढं सगळं म्हणायचं होतं.

"मला काय विचारतेस?" मी म्हटलं.

आवाजच माझा तसला. तोच आवाज, वर्गातला. मला स्वतःलाच ऐकू आला तो. दीक्षाची मान खाली गेली, कागद नीट केले तिने, म्हणाली, "चला, पुढचं दालन बघू." लोक तिच्या मागोमाग निघाले.

मी तिथेच. हाक मारावी म्हटलं, तोवर ती पुढच्या दालनात गेली होती. ती मुलगी जाळीपाशीच रेंगाळली होती. खाली गावाकडे बघत होती. मग मला म्हणाली, "आजी, तुम्हाला माहितीये का, राणी काय बघायची?"

मी नाही म्हटलं. मग तिच्या आईने हाक मारली आणि ती पळत गेली.